क्लोरीनचं छत्तीस

सरकारच्या पुस्तकात चूक काढणारा अख्ख्या गांधीबागेतला मी पहिला हमाल. चूक पुस्तकाची नाही, माहीच होती, हे समजाले मले अकरा दिवस लागले, आन त्या अकरा दिवसांत घरात माह्याशी कोणी धड बोललं नाही. घरात तसे आमी दोघंच, मनून कोणी मनजे बायकोच.

गांधीबाग मनजे कापडबाजार, आन माहं काम कापडाच्या गाठीचं. ट्रकातून उतरवाच्या, गल्लीतून वाट काढत न्याच्या, गोदामात रचाच्या. बावीस वर्षं झाली. शिक्षण पाचवी. पाचवी पास झालो का मले पुढं ढकललं, हे गुरुजीलेबी पक्कं सांगता आलं नसतं, पण दाखल्यावर पास लिवलं हाये आन मी तो दाखला जपून ठेवला हाये. माह्यात गुण एकच. गाठ पाठीवर घेतली का वजन सांगतो. छोटी गाठ असन तं पावशेर इकडं-तिकडं, बस. शेठजवळ काटा हाये, तरी ते कधीकधी मले इचारते. काट्यावर भरोसा नाही मनून इचारते, असं मी सगळ्याईले सांगतो. शेठ म्हणते, टाइमपास मनून इचारतो.

गाठ एकटा उचलत नाही, जोडीनं उचला लागते. माहा जोडीदार माह्याहून दहा वर्षांनी मोठा. दिवसाले दहा शब्द बोलन, त्यातले सात मले शिव्या. आमचा कायदा पक्का हाये: जे उचलाचं ते अर्धं-अर्धं. एकीकडं भार जास्त वाटला का गाठ सरकवाची, मधात आणाची, मंग पाय उचलाचा. चहाबी कटिंग, भज्याची प्लेटबी अर्धी-अर्धी. बावीस वर्षं हेच केल्यावर डोक्स्यात दुसरं गणित राहत नाही. दोन गोष्टी दिसल्या का माहा हात सरळ मधात जाते. पुढचा सारा घोटाळा या हातानंच केला.

बायको आमच्या वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस होती. पोरं घरून आणाची, खिचडी शिजवाची, नाकं पुसाची, रडणाऱ्याले कडेवर घ्याचं. शिकवणाऱ्या बाई उन्हाळ्यात रिटायर होणार होत्या. बालवाडी चालवणारे लोक बायकोले म्हणाले, पोरं तुलेच जास्त ओळखतात, दहावी पास होऊन दाखव, बाईची जागा तुही. नाही तं बाहेरून कोणी आणा लागन. तिची शाळा नववीत सुटली होती. लग्न ठरलं मनून सुटली, आन लग्न माह्याशीच झालं. मनून एका नजरेनं पाह्यलं तं तिची दहावी माह्याच अंगावर होती.

तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्याचा तो फॉर्म. दर रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात एक रिटायर मॅडम विज्ञान शिकवत. सात-आठ बाया, एक ऑटोवाला, आन मांगच्या भिंतीले टेकून कधीकधी मी. मले बायकोले सोडाले जा लागे, मनून थांबे. थांबून-थांबून मले वाटाले लागलं का आपल्यालेबी थोडंबहुत येते. थोडंबहुत येणाऱ्या माणसासारखा धोका दुसरा नाही.

एक दिवस सांजीले ती भाकरी थापून राहिली होती आन पुस्तक पिठाच्या डब्ब्याले टेकवून ठेवलं होतं. धडा होता तक्त्याचा. जगातल्या साऱ्या मूलद्रव्याईले एकेक खाना देल्ला, तो तक्ता. तिनं मले समजावून सांगतलं. अणूच्या मधात प्रोटॉन आन न्यूट्रॉन रायते, बाहेरून इलेक्ट्रॉन फिरते. प्रोटॉन किती, त्यावरून ते मूलद्रव्य कोणतं ते ठरते. त्याले अणुअंक म्हणते. सतरा प्रोटॉन असले का तो क्लोरीन, दुसरा कोणी होऊच शकत नाही. तिचा फॉर्मबी सतराचाच, मनून क्लोरीन आमच्या घरात लवकर पाठ झाला. मंग प्रोटॉन आन न्यूट्रॉन मिळून जी बेरीज येते, ते झालं वजन. इलेक्ट्रॉनचं वजन धरतच नाही, इतकं कमी असते. मी म्हटलं, मनजे तो घरातला मीच झालो. ती हसली. ते तिचं शेवटचं हसू, असं मले तवा माहीत असतं तं मी दुसरा जोक केला नसता.

मंग तिचं बोट एका जागी थांबलं. क्लोरीनचं वजन पुस्तकात देल्लं होतं पस्तीस पॉइंट पाच.

"अर्धा न्यूट्रॉन कोठून आला?" ती म्हणाली. "प्रोटॉन अख्खा, न्यूट्रॉन अख्खा. मंग हे अर्धं कोणाचं?"

सवाल भल्ला चांगला होता. मले उत्तर येत नोतं, मनून मी पुस्तक हातात घेतलं. वाचतो मनजे मी अक्षराले अक्षर जोडतो, पण मी जोर लावला तं पान संपते. खाली लिवलं होतं का क्लोरीन दोन परकारचा रायते. एक पस्तीस वजनाचा, एक सदतीस वजनाचा. प्रोटॉन दोघाईत सतराच, फरक न्यूट्रॉनचा. खाना एकच, वजन वेगवेगळं, मनून त्याईले समस्थानिकं म्हणते. पस्तीस आन सदतीस. माहा हात गेला मधात.

"छपाईची चूक हाये," मी म्हटलं. "पस्तीस आन सदतीसच्या मधात छत्तीस येते. पस्तीस पॉइंट पाच नाही."

ती म्हणाली, रविवारी मॅडमले इचारू. मी म्हटलं, मॅडम कायले? पस्तीसची एक गाठ, सदतीसची एक गाठ, दोघांनी मिळून उचलली, एकाच्या वाट्याले किती आले? यात मॅडम काय करन?

आता खरं सांगतो. त्याच पानावर चित्राखाली अजून एक बारीक ओळ होती. पंचाहत्तर टक्के आन पंचवीस टक्के, असं काहीतरी. ती मी वाचली होती. शाळेचं पुस्तक, मनून मले वाटलं हे कोण्या पोट्ट्याचे मार्क असन. एकाले पंचाहत्तर भेटले, एकाले पंचवीस. पंचवीसवाल्याचं मले वाईटबी वाटलं. आन मी पान पलटवलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी साऱ्याईले सांगतलं का सरकारच्या पुस्तकात चूक सापडली. कोणाले क्लोरीनशी काही घेणं-देणं नोतं, पण सरकारची चूक मनल्यावर दोघं-तिघं खूश झाले. जोडीदार बशीतला चहा फुंकत म्हणाला, "पुस्तक सुलटं धरलं होतं ना बे?"

मंग झाली सराव परीक्षा. मॅडमनं पेपर तपासून वाटले आन त्याच दिवशी त्या शहराच्या त्या टोकाले, बेस्याले, लेकीकडं गेल्या, तिचं बाळंतपण होतं. बायको घरी आली, पेपर खाटेवर ठेवला आन भांडे घासाले बसली. मी पेपर उघडून पाह्यला. क्लोरीनचा सवाल तीन मार्काचा होता. तिनं झ्याक अक्षरात लिवलं होतं, छत्तीस. आन त्याखाली: पुस्तकात छपाईची चूक आहे. मॅडमनं लाल पेननं शून्य देल्लं होतं आन बाजूले लिवलं होतं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पूर्ण पेपरात मार्क पडले तेहतीस. पास व्हाले लागतात पस्तीस. तेहतीस आन तीन किती होतात, ते मी इथं लिहत नाही.

मी म्हटलं, मॅडमले माहं नाव सांगाचं होतं. तिनं सांगतलं नोतं. हात पुसले, पुस्तकं गोळा केली, पत्र्याच्या पेटीत टाकली आन कडी लावली.

"जे मले पक्कं येत होतं, तेच चुकलं," ती म्हणाली. "मंग जे येत नाही त्याचं काय होईन? मी पेपरले बसत नाही."

मी जोक करून पाह्यला. चालला नाही. खऱ्या परीक्षेचा विज्ञानाचा पेपर बारा दिवसांवर होता.

रात्रभर जागलो वगैरे नाही, मले झोप चांगली लागते. पण सकाळी उठलो ते ठरवूनच. हा क्लोरीन आपण बिघडवला, आपणच दुरुस्त करू. पेटी उघडली, पुस्तक काढलं, थैल्यात भाजी-भाकरीच्या डब्ब्याखाली ठेवलं आन गांधीबागेत घेऊन गेलो.

आधी मॅडमले फोन लावला. मांगून बाळ रडून राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, बोला. मी म्हटलं, नात झाली का नातू? नात, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अभिनंदन, आन फोन ठेवला. इतक्या रडण्यात न्यूट्रॉन कसा काढाचा? मंग मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला. एक पोट्टा फळ्यापुढं इतक्या जोरात बोलत होता जसं त्याच्या मांगं कुत्रं लागलं. थांबवत-थांबवत सहा वेळा पाह्यला. ऑटोवाल्याले इचारलं, तो म्हणाला त्यानं तो धडा ऑप्शनले टाकला हाये. रोज जेवणाच्या सुट्टीत गाठीवर बसून मी तेच एक पान वाचत होतो. पानाले हळदीचा डाग पडला, माह्या डोक्स्यात काही पडलं नाही. एकच गोष्ट अडे. क्लोरीनचा अणू एक तं पस्तीसचा, नाही तं सदतीसचा. मंग हा साडेपस्तीसवाला कोण हाये? त्याले कोणी पाह्यला?

घरी ती विचारत नोती आन मी सांगत नोतो. भाजीत मीठ जास्त पडे. मी खाऊन घेत होतो.

असं करत-करत दिवस गेले. पेपरले दोन दिवस उरले आन मौद्याच्या एका दुकानदाराची तक्रार आली. त्यानं साड्या नेल्या होत्या. डिझाईनचा नंबर एकच, रंग एकच, काठ एकच, आन वजन मातर काहीचं कमी, काहीचं जास्त. त्याले वाटलं कापड बदललं. त्याच मालाची एक छोटी गाठ गोदामात होती. शेठनं ती उघडाले लावली. पाह्यलं तं काही साड्यांच्या घडीत पुठ्ठा होता, काहीच्या नोता. बाकी साडी तीच. पुठ्ठा काढून फेकला तं नेसणारीले काय, विणणाऱ्यालेबी ओळखू येणार नाही. शेठनं छोट्या काट्यावर एकेक ठेवून पाह्यली. बिनपुठ्ठ्याची चारशे ग्राम, पुठ्ठ्याची साडेचारशे.

साड्या चाळीस होत्या. शेठनं त्या परत बांधाले लावल्या आन नेहमीसारखं मले इचारलं, सांग बरं, गाठ किती भरन?

मी गाठ पाठीवर घेतली. पाठ म्हणाली सोळा, थोडं वर. पण आता मी नुसता हमाल नोतो, दहा दिवस विज्ञान वाचलेला हमाल होतो. चारशे आन साडेचारशे, मधात सव्वाचारशे. शेठच्या मुनीमजीच्या कॅलकुलेटरवर चाळीसनं गुणलं. छाती काढून सांगतलं, "सतरा किलो."

काटा थांबला सोळा किलो चारशेवर.

शेठनं काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला, ते जास्त लागलं. सहाशे ग्राम चुकणं मनजे माह्यासाठी गाठ डोक्स्यावर पडल्यासारखंच होतं. जोडीदारानं इचारलं, "पाठ काय म्हणत होती?"

"सोळा. थोडं वर."

"मंग डोक्स कायले घातलं मधात?"

मंग आमी साड्या वेगळ्या कराले बसलो. पुठ्ठ्याच्या एकीकडं, बिनपुठ्ठ्याच्या एकीकडं. एक थप्पी माह्या गुडघ्याच्या वर गेली, दुसरी तळपायाशीच राहिली. मोजल्या. बिनपुठ्ठ्याच्या बत्तीस, पुठ्ठ्याच्या आठ.

मी त्या दोन थप्प्याईकडं पाहत राहिलो. बावीस वर्षं मी दोन वस्तू दिसल्या का अर्ध्या करत होतो. परकार दोन होते, खरं हाये. पण दोन परकार मनजे सारखे-सारखे कोणी सांगतले? हलक्या साड्या जास्त, मनून गाठ हलक्याकडं झुकली. मुनीमजीले म्हटलं, सोळा चारशेले चाळीसनं भागा. आले चारशे दहा. मी दोन्ही थप्प्याईतून एकेक साडी काट्यावर ठेवाले लागलो. चारशे. चारशे. साडेचारशे. चारशे. शेठ म्हणाले, काय शोधून राहिला? मी म्हटलं, चारशे दहावाली. ते म्हणाले, ती कोठून येईन, ती तं हायेच नाही.

ती हायेच नाही. साऱ्या गाठीत एकबी साडी चारशे दहाची नाही, आन तरी गाठीचं वजन साडीमागं चारशे दहाच.

थैल्यातून पुस्तक काढलं. हळदीच्या डागाजवळ ती बारीक ओळ होती. पंचाहत्तर टक्के, पंचवीस टक्के. पोट्ट्याचे मार्क नोते ते. शंभर क्लोरीनात पंचाहत्तर हलके आन पंचवीस जड, जवळपास. मनजे चारात तीन हलके. मुनीमजीच्या हातून कॅलकुलेटर घेतला. पस्तीस त्रिक एकशे पाच. त्यात सदतीस, एकशे बेचाळीस. भागिले चार.

पस्तीस पॉइंट पाच.

मी पुसून परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा कराले गेलो तं जोडीदार म्हणाला, चाल, ट्रक उभा हाये.

त्या दिवशी शेठले मागून चार साड्या घरी नेल्या, उद्या आणून देतो मनून. तीन बिनपुठ्ठ्याच्या, एक पुठ्ठ्याची. बायको चुलीजवळ नोती, दाराशी तांदूळ निवडत होती. मी चारी साड्या तिच्यापुढं मांडल्या. तिनं पाह्यलं आन म्हटलं, चार-चार साड्या आणल्या का समजूत पटते, असं वाटते का तुमाले? मी म्हटलं, नेसाच्या नाही, उचलाच्या हाये.

तिनं उचलल्या. पोरं कडेवर घेणारी बाई हाये, तिच्या हातालेबी वजन समजते. तिसरी साडी तिनं दोनदा उचलली आन बाजूले ठेवली. पुठ्ठा तिनंच काढला.

"हा न्यूट्रॉन," मी म्हटलं. "रंग तोच, काठ तोच, नंबर तोच. नुसतं वजन वाढवते."

"आन या तीन?"

"पंचाहत्तर टक्के."

तिनं तांदळाचं ताट बाजूले सारलं. मंग बालवाडीची एक पाटी खिडकीत होती ती घेतली, खडू घेतला. मी तोंड उघडाले गेलो तं तिनं हात दाखवून थांबवलं. पस्तीस तीनदा लिवलं, त्याखाली सदतीस, बेरीज केली, चारनं भागलं. उत्तर आलं तरी ती पाटीकडं पाहतच होती.

"मंग साडेपस्तीसचा एकबी अणू नसते?"

"एकबी नाही. मी भल्ला शोधला."

"आन न्यूट्रॉन अर्धा झालाच नाही."

"नाही. अर्धं मीच केलं होतं."

ती उठली आन पेटीची कडी काढली. पुस्तक पेटीत नोतं, ते माह्या थैल्यात होतं, मनून तिनं पेटीतून बाकीची पुस्तकं काढली आन हात माह्यापुढं धरला. मी पुस्तक देल्लं. हळदीचा डाग तिनं पदरानं पुसून पाह्यला. त्या रात्री भाजीत मीठ बरोबर होतं.

पेपरच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर पाण्याची बॉटल घेऊन उभा राहिलो. पोरी-पोट्ट्याईचे मायबाप होते, मी एकटाच बायकोसाठी होतो. ती बाहेर आली, पाणी पेली आन म्हणाली, सवाल दुसऱ्याच मूलद्रव्याचा आला, पण होता तोच. बाकी रस्त्यानं मीच बोलत होतो.

निकाल लागला. ती दहावी पास झाली, विज्ञानात चव्वेचाळीस. बालवाडीची जागा तिले भेटली. आता खिचडी दुसरी बाई शिजवते आन ही पोराईले अक्षरं शिकवते. गांधीबागेत मी सांगतलं का विज्ञान मी शिकवलं, चहाबी पाजला, अख्खा, कटिंग नाही. जोडीदारानं चहा पेला आन म्हणाला, इतकं येते तं तूच काहून नाही भरत फॉर्म?

ही गोष्ट माह्या डोक्स्यात बसली. त्या फॉर्मले पाचवी पास चालते, आन पाचवीचा दाखला हायेच. गुडघे अजून किती वर्षं गाठी उचलतीन, ते मलेबी माहीत हाये. सांजीले तिले सांगतलं का या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म मीबी भरतो, अणू तं समजलाच हाये, आता राहिलं काय?

ती पोराईच्या वह्या तपासत होती. मान वर केली नाही.

"भरा," ती म्हणाली. "विज्ञानात पास होसान. पण गणिताच्या पेपरले बाकावर एकटंच बसवतात, पुठ्ठा दाखवाले कोणी नसते. तुमी तिथं छत्तीसच लिहून येसान."